टाकीजवळचं ऊन

रोज सकाळी आंघोळ झाली की सरोजकाकू गच्चीवर जायच्या आणि सूर्यचुलीचा आरसा पदराने पुसायच्या. काळी पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा. संशोधन संस्थेतल्या नोकरीसाठी लखनौला आल्या वर्षीच श्रीरंगकाकांनी ती बायकोला आणून दिली होती. पुढे काका गेले. विकास नगरच्या घरातलं स्वयंपाकघर सून स्वप्ना आणि स्वयंपाकाच्या बाईकडे गेलं. काकूंच्या हातची म्हणून ताटात डाळ तेवढी उरली, ती या पेटीतली.

मार्चमध्ये मुलाने, अनुपने, गच्चीभर सोलर पॅनेल बसवले.

"आई, आता एसी सूर्यावर. खोलीत आरामात बस, बिलाचं टेन्शन नाही."

"आणि माझी पेटी?"

"घरात कुकर आहे की. दोन शिट्ट्यांत डाळ."

"शिट्ट्या तुझ्या बायकोला ऐकव."

पॅनेलच्या सावलीतून एकच जागा सुटली होती, पाण्याच्या टाकीजवळची. तिथे ऊन यायचं ते भर दुपारी. पेटी सारखी उन्हाकडे फिरवावी लागते, नाहीतर डाळ कच्ची राहते. मे महिन्यात लू, म्हणजे अंग भाजणारे वारे, सुटले तेव्हा नात ऋता ओरडली, "आजी, पागल हो क्या? अंदर बैठो!" काकूंनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर त्या एसी चालू ठेवून, खोलीचं दार ओढून घेऊन गुपचूप वर जाऊ लागल्या. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून ते दार कोणी उघडत नसे.

जूनमधल्या त्या दुपारीही दार बंद होतं. आत एसी घुमत होता. स्वप्ना दारावरून दोनदा गेली, झोपमोड नको म्हणून पावलं न वाजवता.

ऊन कलल्यावर ऋता वाळलेले कपडे काढायला वर गेली. काकू टाकीला टेकून बसल्या होत्या. अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही. पॅनेलची सावली सरकत त्यांच्या पायांशी आली होती.

खाली आणून त्यांना त्याच गार खोलीत निजवलं. ओल्या चादरीत गुंडाळलं. अँब्युलन्स यायची होती.

"आई, का गेलात वर?" स्वप्ना रडत विचारत होती.

हॉस्पिटलात त्या बोलल्या नाहीत, पहाटे गेल्या. बोलल्या त्या त्याआधी, या गार खोलीतच, डोळे उघडून, सुनेकडे बघत.

"डाळ शिजलीय गं. मीठ तेवढं घाल."