डिक्कीत गेलेला देव

देवावर चिडलेल्या बाईनं देवाचा अनुभव सांगायला बसावं, हे कुणाला पटणार नाही. पण आमच्या घरात भक्ती मायच्या वाट्याला आली होती आणि राग माझ्या. त्या हिवाळ्यात तर तो राग इतका साचला होता की औंढ्याच्या नागनाथाचं नाव कुणी काढलं तरी मी तोंड फिरवायची. माझा धाकटा भाऊ मारोती फौजेत होता, आसामात. हिंगोलीकडच्या पुसेगावाजवळच्या आमच्या खेड्यात किराणा दुकानावर त्याच्या पलटणीतून फोन आला. मलेरिया मेंदूला चढला आहे, पोरगा शुद्धीवर नाही, आईला घेऊन या, एवढंच हवालदार म्हणाला. असा निरोप माणसं उगाच देत नाहीत हे मलाही कळत होतं आणि मायलाही.

वडील मागेच गेले होते. थोरला भाऊ मेंढरं घेऊन वऱ्हाडात उतरला होता, तो कोणत्या शिवारात बसला असेल हे सांगणं कठीण. मग राहिले मी. हिंगोलीत माझं शिवणकामाचं दुकान होतं, गिऱ्हाईकांमुळे हिंदी बोलता यायची, म्हणून मायला न्यायचं माझ्याकडे आलं. पलटणीतल्या लोकांनी विमानाची तिकिटं काढून दिली होती. नागपुरातून कलकत्ता, तिथं रात्रभर थांबायचं आणि सकाळच्या विमानानं गुवाहाटी. विमान आम्ही दोघींनीही तोवर फक्त आभाळातच पाहिलं होतं.

मायचा एक नेम होता. लग्न होऊन आली तेव्हापासून देवाला अंघोळ घातल्याशिवाय तिनं तोंडात घास घातला नव्हता. मेंढरांमागं रानोमाळ हिंडतानाही खंडोबाचा टाक, देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, तिच्या कमरेच्या पिशवीत असायचा. त्या प्रवासालाही तिनं कापडी पिशवीत टाक, भंडाऱ्याची पुडी आणि वीतभर लांबीचा लोखंडी त्रिशूळ घेतला होता. नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या बाईनं तो त्रिशूळ बाहेर काढला आणि टोकदार वस्तू आत नेता येणार नाही म्हणाली. त्रिशूळ तेवढा ठेवून घ्या म्हटलं तर माय पिशवी सोडेना. देव एकीकडं आणि त्रिशूळ दुसरीकडं हे तिला मंजूर नव्हतं. शेवटी आम्हाला परत काउंटरवर पाठवलं, तिथल्या मुलीनं अख्ख्या पिशवीला चिठ्ठी बांधली आणि ती पट्ट्यावर टाकली. पिशवी रबरी झालरीच्या आत गेली तशी माय माझ्याकडं वळली.

"देवाला डिक्कीत टाकतेत व्हय?"

"माय, उतरल्यावर मिळतंय," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

कलकत्त्याला उतरून आम्ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभ्या राहिलो. सगळ्यांच्या बॅगा आल्या, लोक गेले, पट्टा थांबला. काउंटरवरच्या टायवाल्या माणसानं माझ्या हातातली पावती पाहिली आणि मान वर न करता म्हणाला, "थ्रू टॅग है मॅडम. सामान सीधा गुवाहाटी मिलेगा." म्हणजे आमची पिशवी नागपुरातच पुढच्या विमानासाठी नोंदली होती, रात्रभर ती विमान कंपनीच्या ताब्यात बंद राहणार आणि सकाळी परस्पर विमानात चढणार. मी त्याला सांगितलं की त्यात आमचा देव आहे, म्हातारी सकाळी पूजा केल्याशिवाय खात नाही, तिला शुगर आहे. तो म्हणाला, नियम आहे. मी आवाज चढवला. त्यानं आणखी शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्याच्या जागी तो बराबर होता, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. चूक कुणाचीच नव्हती आणि तकलीफ मात्र आमचीच होती. शेवटी सुटका करून घेण्यासाठी तो म्हणाला, सुबह ड्यूटी बदलेगी, तब पूछ लेना. त्या एका शब्दावर मी मायला झोपवलं.

सकाळी ड्यूटी बदलली, उत्तर बदललं नाही. वर बाहेर इतकं धुकं दाटलं होतं की काचेपलीकडची विमानंही दिसत नव्हती. आमचं विमान कधी निघेल ते कुणी सांगेना. आत जाऊन बसलो तेव्हा मायनं नळावर हातपाय धुतले होते, भंडाऱ्याविना कपाळ कोरडं होतं, आणि सवयीनं शुगरची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेऊन ती मोकळी झाली होती.

"आगं, गोळी घेतलीस तर आता खावं लागंल," मी बिस्किटाचा पुडा फोडला.

"गोळी औषध हाय. तिला नेम न्हाई. खाण्याला हाय."

"माय, डागदरनं काय सांगितलं व्हतं? गोळीवर उपाशी राहायचं न्हाई म्हणून."

"देव तिथं अंधारात उपाशी बसून राहिला, आन् मी हितं बिस्किटं खाऊ? मारोतीसाठी जाऊन राहिलो आपण. आता नेम मोडू व्हय?"

तिच्याशी मी किती भांडले ते आठवलं तरी आजही कानशिलं तापतात. विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, पुढ्यात बिस्किट धरलं, तिनं ओठ मिटून घेतले. विमान उशिरा, त्याहून उशिरा असं फळ्यावर सरकत राहिलं. मग तिला घाम फुटला. एवढ्या थंडीत तिच्या मानेवरून पाणी वाहत होतं आणि हात बर्फासारखे गार. बोटं थरथरायला लागली. मी तिच्या दातांमध्ये बिस्किट सारायला गेले तर तिनं दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. माझ्याकडं पाहत म्हणाली, "मारोती, मेंढरं आत घेतली का रं?"

मी कंपनीच्या मुलीकडं धावले. तिनं डॉक्टरला फोन लावला, येताहेत म्हणाली. परत येऊन पाहते तर माय खुर्चीत एका बाजूला कलंडलेली. तेव्हा मी ओरडले. भर माणसांत, मराठीत, वर छताकडं बघून. "काय पाहिजे तुला? पोरगं तिकडं पाडलंस, आता मायला हितं पाडतोस? हिनं जन्मभर तुला अंघोळी घातल्या आन् तू बॅगांत जाऊन बसलास? ये की बाहीर! काहून येत न्हाईस?" लोक बघत होते. मला कशाचीच लाज राहिली नव्हती. नागनाथाला, खंडोबाला, जे नाव तोंडात येईल त्याला मी शिव्या घालत होते, आणि एका हातानं मायचं डोकं धरून ठेवलं होतं.

समोरच्या रांगेत पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बंगाली बाई बसलेली होती. मी तिच्याकडं तोवर पाहिलंही नव्हतं. ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवत आमच्याकडं आली. माझं बोलणं तिला कळणं शक्य नव्हतं; खंडोबा काय न् टाक काय, तिला काय माहीत. तिच्या काखेत वेताची लहान टोपली होती. तिनं टोपलीचं झाकण उघडलं. आत लोकरीच्या इवल्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला पितळी बाळकृष्ण होता, रांगणारा. तो तिनं उचलला, त्याचा स्वेटर काढला, आणि मायच्या मांडीवर ठेवला.

मायचे डोळे अर्धे मिटलेले होते. पण हात धातूला लागला आणि हाताला कळलं. तिच्या अंगठ्यानं त्या मूर्तीचं डोकं चोळलं, मग पाठ, मग पाय, रोज टाकाला चोळायची अगदी तसंच. बंगाली बाईनं आपल्या लहान बाटलीतलं पाणी मायच्या ओंजळीत घातलं. मायनं ते देवावर सोडलं, पदरानं त्याला पुसलं, आणि हात जोडले. मांडी सगळी भिजली. मग त्या बाईनं टोपलीतून खडीसाखरेचे खडे काढले, देवाच्या ओठांना लावले आणि मायच्या तोंडाशी नेले. "प्रसाद. गोपाल का. खाओ दीदी," ती म्हणाली.

मायनं तोंड उघडलं.

मी तिथंच फरशीवर बसले. एक खडा, दुसरा खडा, मग बाटलीतल्या पाण्यात विरघळवलेली साखर. बंगाली बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, लेकराच्या फिरवावा तसा. हळूहळू मायचा घाम वाळला, नजर जागेवर आली. डॉक्टर आला तोवर ती माझ्याकडं बघून मला माझ्या नावानं हाक मारत होती. त्यानं बोटातून रक्त काढून पाहिलं आणि म्हणाला, साखर अजूनही कमीच आहे, पोटभर खायला द्या, मघाशी गोड मिळालं नसतं तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. मायनं मग मुकाट्यानं बिस्किटं खाल्ली, चहा घेतला. एवढ्यात कुठल्याशा विमानाची हाक झाली, बंगाली बाईनं देवाला स्वेटर चढवला, मायच्या गालाला हात लावला आणि ती निघाली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला वर उचललं, काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. तिचं नाव, तिचं गाव, काहीच विचारायचं सुचलं नाही.

माझा राग मात्र अजून उतरला नव्हता. धुकं विरलं, विमान उडालं, तरी मी धुमसत होते. मायला मी टोचून म्हणाले, "आता कसं खाल्लंस? तो का आपला देव व्हता?"

माय खिडकीबाहेर ढगांकडं बघत होती. "मग कोनाचा व्हता?" ती म्हणाली. "तू एवढी बोंबलून राहिली व्हतीस, ये म्हणून. आला की. आता अजून काय पाहिजे तुला?"

मी रडले, बराच वेळ, आणि तिनं मला रडू दिलं.

गुवाहाटीला पिशवी आली. भंडाऱ्याची पुडी आत फुटली होती, पिशवीचं कापड बाहेरूनही पिवळं झालं होतं. मायनं पिशवी न उघडताच काखेत मारली आणि आधी दवाखान्यात चल म्हणाली. मारोती आदल्या संध्याकाळी शुद्धीवर आला होता. ओळखू येऊ नये इतका वाळला होता, जीभ जड झाली होती, पण मायला पाहून त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला. त्याची जीभ पुढं सुधारली. डावा पाय अजून थोडा ओढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पोचले तेव्हा पिशवी खाटेखाली तशीच गाठ मारलेली होती. माय मारोतीच्या उशाशी बसून त्याला पेज भरवत होती, आणि एक घोट त्याला, एक घोट स्वतः, असं तिचं चाललं होतं. मी पिशवीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"करते नंतर," ती म्हणाली. "तो काय कुठं जात न्हाई."

त्या दिवसापासून माझा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी आजही देवाशी भांडते, टायवाल्या माणसांशी तर हमखास. पण भांडून झालं की आता गप्प बसून वाट बघते. त्यानं कोणत्या वाटेनं यावं, कुणाच्या हातून यावं, हे त्याला सांगायचं मी सोडून दिलं आहे. त्या पांढऱ्या साडीतल्या माउलीला, ती जिथं असेल तिथं, माझा नमस्कार पोचो.