डाव्या हाताची निब: सातारा ते सांगली, दोन दिवस

जुनी शाईची पेनं दुरुस्त करून विकणाऱ्याला पुण्यात गिऱ्हाईक मिळतं, पण पेनं मिळत नाहीत. ती मिळतात तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या स्टेशनरीच्या दुकानात नाहीतर निवृत्त माणसांच्या कपाटात. त्यामुळे साताऱ्यात शनिवारी आणि सांगलीत रविवारी अशा लागोपाठ दोन बाजारांत टेबल मिळतंय म्हटल्यावर मी लगेच होकार कळवला. नवरा म्हणाला, विक्रीपेक्षा पेट्रोल जास्त जाळशील. त्याचं बहुतेक बरोबर होतं. तरी शनिवारी उजाडायच्या आत गाडीच्या मागच्या सीटवर पेट्या लावल्या आणि निघाले.

लवकर निघणाऱ्याला खंबाटकी घाटातल्या गर्दीचा त्रास होत नाही. घाट पार केल्यावर कुठेतरी मिसळ खाल्ली, तिच्यापेक्षा चहा चांगला होता. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये बाजार होता: पितळेची भांडी, जुनी नाणी, हातमागाच्या साड्या, घरगुती मसाले आणि एका कोपऱ्यात मी. टेबलावर पांढरं कापड, त्यावर पेनं, शाईच्या दौती, पाण्याचं भांडं, भिंग आणि निब घासायच्या बारीक पट्ट्या. असं टेबल लावायचा विचार असेल तर एक सांगते, खिडकीजवळची जागा मागून घ्या. ट्यूबलाइटखाली निबेचं टोक नीट दिसत नाही.

सकाळ नेहमीसारखी गेली. लोक टोपण उघडून बघत, ‘शाळेत असताना आमच्याकडे होतं’ म्हणत आणि ठेवून देत. एका वकिलांनी दोन पेनं घेतली. एका बाईंनी वडिलांचं पेन दाखवलं. त्याच्यात शाई वाळून दगड झाली होती, कोमट पाण्यात ठेवून तासाभरात मोकळं करून दिलं.

दुपारी एक जोडपं आलं. काका उंच, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, उजवा हात मात्र बाजूला नुसता लटकलेला. काकींनी त्यांचा शर्ट मागून जरासा धरला होता, कोणाला दिसू नये असा. कोरेगावचे. काका फौजेत पलटणीच्या ऑफिसात कारकून होते, सुभेदार होऊन घरी आले, आता ऊस आणि घेवडा करतात. पावसाळ्याच्या सुमाराला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, हात नाही. त्याच्याच व्यायामासाठी साताऱ्याला येतात. हे सगळं काकींनी सांगितलं. काकांनी डाव्या हाताने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने शाई भरायचं, जाडजूड पेन. धरायची जागा बोटांनी गुळगुळीत झालेली. मी भिंगातून निब पाहिली. निबेच्या टोकाला एक कठीण मणी असतो. एकाच माणसाने वर्षानुवर्षं लिहिलं की तो मणी त्या माणसाच्या हाताच्या कलाने झिजतो आणि त्याला एक बारीक उतार पडतो. त्या माणसाला ते पेन लोण्यासारखं चालतं आणि दुसऱ्याच्या हातात कागद ओरबाडतं. काकांचा डावा हात आता दुसऱ्याचाच हात होता.

“डाव्या हाताला चालंल आशी घासून द्या,” ते म्हणाले.

मी त्यांना टेबलावरचं एक तयार पेन दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि परत ठेवलं. त्यांना हेच हवं होतं. मी म्हटलं, एकदा घासलं की आधीसारखं होणार नाही. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. रविवारी ते सांगलीला विश्रामबागेत लेकीकडे येणार होते, तिथे बाजारात पेन घेऊन जातील असं ठरलं.

ते दाराकडे गेले. काकी चष्म्याचं घर विसरलं म्हणून परत आल्या. ते त्यांच्या हातातच होतं.

“ताई, घासू नका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी रोज तेल लावतीया. डाक्तर म्हणलाय, बोटं हालतील. निब घासली म्हंजे ह्यांनी हात सोडला आसं व्हईल.”

मी काही बोलायच्या आत त्या निघून गेल्या.

साताऱ्याहून सांगलीला कऱ्हाडवरून हायवेने जाणं सोपं. मी कोरेगाव, पुसेगाव, वडूज, विटा, तासगाव असा लांबचा रस्ता घेतला, कारण वडूजला एका दुकानदाराकडे जुना माल होता. कोरेगाव सोडल्यावर उसाची हिरवळ हळूहळू विरते आणि खटावचं माळरान सुरू होतं. रस्ता बरा आहे, गावांतून स्पीडब्रेकर फार. वडूजच्या दुकानदारांनी पत्र्याच्या डब्यातून टोपणं, क्लिपा आणि गंजलेल्या निबा काढून दिल्या. वरून पिठलं-भाकरीही खाऊ घातली, त्यामुळे रस्त्यात जेवायचा प्रश्न मिटला. त्या डब्यात काकांच्या पेनाला बसेल अशी निब मिळाली तर ती घासून बसवता येईल, जुनी तशीच ठेवता येईल आणि दोघांचंही मन राहील, असा विचार मनात होता. एकही बसली नाही.

विट्याच्या पुढे द्राक्षबागा लागल्या. मी गाडी चालवत होते आणि पेन पर्समध्ये होतं. पेन काकांचं, पैसे काका देणार, त्यांनी स्पष्ट सांगितलेलं. हिशोबाने पाहिलं तर प्रश्नच नव्हता. पण माझ्या धंद्यात चूक झाली तर निब बदलता येते, टोपण बदलता येतं, पेन परत घेता येतं. इथे त्यातलं काहीच लागू नव्हतं. तासगावला चहा प्यायले, अर्धा किलो बेदाणे घेतले आणि ठरवलं की आज हात लावायचा नाही.

सांगलीत स्टँडजवळ साधं लॉज घेतलं. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. रविवारचा बाजार विश्रामबागेत एका मैदानात मांडवाखाली होता. उजेड भरपूर, धूळही भरपूर. कॉलेजची मुलं रंगीत शाया बघायला गर्दी करत होती. शेजारी भडंगाचा स्टॉल असल्याने माझी पेनंही लसणाच्या वासाची झाली.

अकराच्या सुमारास लेकीने काका-काकींना गेटपाशी सोडलं. मी खुर्च्या दिल्या, पेन काकांपुढे ठेवलं आणि सरळ सांगितलं की मी घासलेलं नाही, काकी नको म्हणाल्या होत्या. काकी खाली बघत होत्या. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी उघड केलं होतं, पण दोघांना वेगवेगळं उत्तर देणं मला जमणार नव्हतं.

काकांनी पेन डाव्या हाताने जरा बाजूला सारलं. मग बायकोकडे न बघता बोलले.

“उसाच्या कर्जासाठनं सोसायटीत गेलतो. सही करा म्हणलं, मला जमंना. तवा तिथल्या पोरानं शाईचं पॅड पुढं सारलं. अंगठा लावून आलो.”

“कवा?” काकींनी विचारलं.

“झालं की महिना.”

“मला बोलला न्हाई तुमी.”

“काय बोलायचं त्यात?”

पलटणीत इतरांच्या रजेचे अर्ज आणि पगाराचे कागद लिहिणारा हा माणूस. आजूबाजूला मुलं जांभळी शाई की हिरवी यावर वाद घालत होती. काकी उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पदराने चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, काल तुम्ही भिंगातनं काय बघत होता ते मला दाखवा.

मी निब त्यांच्यासमोर धरली. मण्यावरचा तो बारीक उतार कुठे आहे ते सांगितलं. हा काकांच्या उजव्या हाताने पडलेला आहे आणि घासल्यावर तो जाईल, हेही सांगितलं. काकी बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मागे गिऱ्हाईक थांबलं होतं, मी त्याला हाताने थोपवलं.

“दिसला,” त्या म्हणाल्या आणि भिंग खाली ठेवलं. “घासा.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

काम फार वेळेचं नसतं. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकायचा, निब टेकवून आठचा आकडा काढत राहायचं, मधूनमधून बघायचं. डाव्या हाताने लिहिणारा पेन ओढत नाही, ढकलतो, म्हणून कडा जास्त गोल करावी लागते. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त वेळा थांबून पाहिलं. पट्टीवर राखाडी रेघ उमटली. धुतली, पुसली, शाई भरली आणि पेन काकांच्या डाव्या हातात दिलं.

निब चालली. ओरबाडली नाही. पण काकांनी पहिलं अक्षर काढलं आणि कागदच सरकला. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकला. एका हाताने लिहिणाऱ्याला कागद धरायला दुसरा हात लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कागदावर दौत ठेवायला गेले.

काकींनी मला अडवलं. काकांच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला, कागदावर ठेवला, बोटं एकेक करून पसरली.

“ऱ्हाऊ दे हितं,” त्या म्हणाल्या. “एवढं तर करंल.”

कागद जागचा हलला नाही. काकांनी सही केली. अक्षर पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्याचं, वर-खाली झालेलं, पण पूर्ण नाव होतं. त्याखाली पुन्हा केली. कागद भरेपर्यंत करत राहिले आणि काकी दर वेळी तो हात एका ओळीने खाली सरकवत होत्या. मग काकांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि मला विचारलं की शाई कोणती वापरू. मी साधी निळी सांगितली.

परतीला हायवेने आले, दिवस मावळेपर्यंत साताऱ्याच्या पुढे होते. नवऱ्याने विचारलं, किती विकली. पेट्रोल निघालं, असं सांगितलं. बेदाणे त्याला आवडले.

काही आठवड्यांनी कोरेगावहून काकींचा फोन आला. सोसायटीने आधी सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं, मग नवी सही नोंदवून घेतली. मी हाताचं विचारलं. व्यायाम चालू आहे, तेलही चालू आहे, म्हणाल्या. बोटं हलली का? न्हाई. पुढे म्हणाल्या, पण आता हे लिहायला बसले की स्वतःच डाव्या हाताने उजवा हात उचलून कागदावर ठेवतात, मला हाक मारत नाहीत. हे त्यांनी आनंदाने सांगितलं की कसं, फोनवर मला कळलं नाही.

माझ्या टेबलावर काहीच बदललेलं नाही. लोक अजून वडिलांची पेनं घेऊन येतात आणि ‘होतं तसं करून द्या’ म्हणतात. पूर्वी मी लगेच कामाला लागत असे. आता आधी विचारते, यापुढे या पेनाने कोण लिहिणार आहे आणि कोणत्या हाताने.