कानसेन आणि माझी वही

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी पुतण्याबरोबर हमरस्त्यावरच्या गॅरेजात गेले. त्याच्या मोटरसायकलला नवा सायलेन्सर बसवला. साडेबाराला परत. पाय सुजले.

वहीत एवढंच आहे. बाकीचं आज, चार दिवसांनी, सुट्या कागदांवर लिहिते आहे.

पुतण्या दीड वर्षापासून माझ्याकडे राहतो आणि पहाटे पाचला कामावर निघतो. गाडीचा मूळ सायलेन्सर गंजला, तेव्हा त्याला बाहेरचा, चांगला घुमणारा हवा होता. पण ज्या मेकॅनिकची त्याने ख्याती ऐकली होती, त्याने त्याला तसाच परत पाठवला. म्हणे, चालवणाऱ्याचं मत मी विचारत नाही. घरात ज्याची झोप मोडते, ते माणूस घेऊन ये. म्हणून माझी वरात निघाली.

दारात त्या मेकॅनिकला पाहिलं आणि ओळखलं. हा तर आमच्या गल्लीतला कानसेन. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा, म्हणून हे नाव. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं दुकान माझ्या खिडकीखाली होतं. मागच्या खोलीत बिऱ्हाड, तिथेच बायको कपडे शिवायची. त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते. मी फक्त लिहीत होते. आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहावं, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. ‘सकाळी ९.१०, कानठळ्या बसवणारी गाडी. ९.५५, आणखी एक.’ अशी सात महिन्यांची पानं मी रहिवाशांच्या सभेत, नगरपालिकेच्या साहेबांसमोर, उभं राहून वाचली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात दुकान उठलं. त्या टाळ्यांचीही मी वहीत नोंद केली होती.

त्याने ओळख दाखवली नाही. मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आणि हातात चहाची कपबशी दिली. मग एकेक करून तीन सायलेन्सर लावले. इंजिन चालू केलं की तो गाडीकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. पहिला आखूड, नुसती नळी; चहा बशीत सांडला. “हा नापास,” तो म्हणाला. दुसरा चकचकीत. आवाज भरदार होता, पण बशी वाजली. तिसरा लांबट, दिसायला अगदीच बावळट. कप हलला नाही.

पुतण्याचं तोंड पडलं. “मामा, आवाजच नसेल तर घरच्यांना कळणार कसं, मी आलो म्हणून?”

“जेवायला बसलास की कळेल.”

तिसराच बसवायला घेतला. पाना फिरवता फिरवता तो सांगत होता, की पोरं कुठून तरी घुमणारा सायलेन्सर बसवून घेतात, घरी भांडणं होतात, मग आई नाहीतर बायको त्यांना इकडे पाठवते. “माझ्याकडे गाडी बोंबलत येते आणि गुमान जाते. तीस वर्षं हाच धंदा.”

माझ्या हातातली बशी आता वाजायला लागली. बोंबलत आलेली प्रत्येक गाडी माझ्या वहीत होती, मिनिटासकट. गुमान गेलेली एकही नव्हती. जे कानावर आलंच नाही, ते मी कुठून लिहिणार?

गप्प राहता आलं असतं. पुतण्याही तिथेच उभा होता, त्याच्यासमोर तर फारच जड गेलं.

“ती वही माझी होती,” मी म्हणाले.

त्याने पाना खाली ठेवला नाही. “ठाऊक आहे, मावशी. सभेत मी मागे उभा होतो. मघाशी चहाला ‘पुरे’ म्हणालात, तेव्हाच आवाज ओळखला.”

“मग तेव्हा सभेत बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुमचं एक अक्षर खोटं नव्हतं.”

त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, नगरपालिकेला पत्र लिहिते, सगळं खरं कळवते. तो म्हणाला, आता कशाला, तिथे औषधांचं दुकान झालंय. हे मलाही माहीत होतं. दर महिन्याला मी तिथे जाते. इथे गॅरेजच्या कोपऱ्यात त्याच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. त्यावर हेल्मेटं रचून ठेवली होती. इतक्या लांब कपडे शिवायला टाकायला कोण येणार?

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, “काकू, तुम्ही एकदा खाली जाऊन विचारायचं होतं.” मी हो म्हटलं. आमच्या मजल्यापासून त्याच्या दुकानापर्यंत बावीस पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो केव्हा गेला, ते मला कळलं नाही. सकाळी वही उघडून लिहिणार होते: ‘५.००, गाडी गेली, आवाज नाही.’ पण हे मी ऐकलेलं नव्हतं. पेन ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत पान कोरं राहिलं. मग लिहिलं: न्हाणीघरातला बल्ब बदलला.