किल्लीवाल्याचं नवं इंजेक्शन

किल्लीवाल्याने आयुष्यभर लोकांना डुप्लिकेट किल्ल्या करून दिल्या, आणि दवाखान्याने त्याचं इंजेक्शन बदललं तेव्हा हाच गृहस्थ बायकोला म्हणाला, "मला डुप्लिकेट माल देतायत!"

"अहो, हे तुम्ही म्हणताय?" तिला हसू आवरेना.

चार वर्षं एकाच इंजेक्शनने त्याचा संधिवात आवरला होता. बोटं वळत होती म्हणून कानस चालत होती, आणि कानस चालत होती म्हणून दुकान. आता कंपनी वेगळी, नाव वेगळं. पठ्ठ्याने दोन्ही खोकी भिंगाखाली धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, खोट जशी काही पुठ्ठ्यावरच छापलेली असणार! मग नवं खोकं फ्रिजमध्ये मागे सारलं आणि घरात सांगितलं, घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दोन इंजेक्शनं अशी बुडाली. एका सकाळी बोटं टम्म सुजली, गिऱ्हाइकासमोर हातातली कानस खाली पडली आणि त्याला ती उचलताच येईना. हात गेले की आपण संपलो, या भीतीने त्याला रडू फुटलं. बायकोने न उघडलेली खोकी शोधून काढली आणि त्याला तडक दवाखान्यात नेलं.

"काका, हे खोटं औषध नाही, बायोसिमिलर आहे, म्हणजे जुन्यासारखंच, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेलं," सिस्टर म्हणाली. "जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणून हुबेहूब होत नाही. जुन्या कंपनीच्याही दोन खेपांत थोडा फरक असतोच."

नवी किल्ली कुलपात दहादा फिरवल्याशिवाय तो कुणाला देत नसे. त्याने विचारलं, "कुलपात फिरवून पाहिलंय का कुणी?"

"पाहिलंय ना. आधी प्रयोगशाळेत जुन्याशी ताडून, मग रुग्णांवर. गुण तसाच, धोकेही तसेच. ताप आला, अंगावर पुरळ उठलं तर लगेच फोन करायचा, जुन्यालाही हेच होतं. पण न सांगता औषध बंद केलंत, हे मात्र वाईट केलंत."

तो ओशाळला आणि त्याने दंड पुढे केला.

तीन महिन्यांनी तपासणीला गेला, तर बाकावर एक बसचालक नवं खोकं उलटसुलट करत बसलेला. "माझं औषध बदललंय हो," तो कुजबुजला.

किल्लीवाल्याने हात पुढे केला. चालकाने तो हातात घेतला, आणि किल्लीवाल्याने असा काही आवळला की तो ओरडला, "अहो, सोडा!"

"मला लागू पडलं म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही," किल्लीवाला म्हणाला. "काय ते सिस्टरला विचारा, अगदी भांडून विचारा. पण घरी नेऊन लपवू नका. मी लपवलं होतं."