घागरीची चिंच

धाकटीचे पुढचे दात मी घालवले. एवढं वाक्य लिहायला मला सत्तावीस वर्षं लागली. लागली कसली, मीच लावली.

लढाईचे दिवस. आबा पलटणीत, आई दिवसभर उसाच्या रानात. साताऱ्याकडच्या आमच्या गावात निम्म्या घरांचं हेच होतं. मी तेरा वर्षांची, धाकटी सात. तिची वेणी, आंघोळ, दात, सगळं माझ्याकडं. दुधाचे पडून तिला नवे दात आले ते पिवळट, मधेच खडूसारखे डाग, कडेला बारीक खड्डे. पाणवठ्यावर बायका हसायच्या.

"थोरली निस्ती मिरवती. धाकटीच्या तोंडात शेवाळ आलंय बघा."

मला ते झोंबायचं. राखुंडीनं घासून माझं बोट दुखायचं, डाग हलायचे नाहीत.

त्यातच आबांचं पत्र आलं, महिन्याभरात रजेवर येतो म्हणून. ते गेले तेव्हा धाकटी बोबडं बोलत होती. खाली लिहिलं होतं, धाकटीला आता नवे दात आले असतील, ते मला बघायचे आहेत.

सणाआधी आम्ही पितळेची घागर चिंच लावून विटकरीच्या पुडीनं घासायचो. काळी घागर सोन्यासारखी निघायची. मला वाटलं, घागरीचं निघतं तर दाताचं का निघू नये? रोज सकाळी आई रानात गेली की मी धाकटीला गोठ्यामागं बसवायचे, दातांना चिंचेचा कोळ लावायचे आणि वरून पूड. ती रडायला लागली की मी म्हणायचे, "गप बस. आबा काय म्हणतील? आन् आईला बोललीस तर बघ."

ती बोलली नाही.

आबा आले. गुऱ्हाळावरून आणलेला गुळाचा खडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला. तिनं चावला आणि गाल धरून बसली.

आबा आईला म्हणाले, "अगं, हिला गूळ चालत न्हाई. उसाच्या रानात कुठनं आली ही?"

सगळे हसले. आबांची रजा संपेपर्यंत धाकटीनं तोंडावरचा हात काढला नाही. नवे दात त्यांना दिसलेच नाहीत.

दिवाळीनंतर तिचा गाल सुजला. मामा माधवनगरला गिरणीत होता. त्याच्याकडं उतरून आई आम्हा दोघींना सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी तोंडात आरसा घालून बघितलं.

"दीड-दोन वर्षांची असताना फार आजारी होती का ही?"

"व्हय. लय दिस ताप हुता. जगंल असं वाटलं न्हवतं."

"मग ते तेव्हाचं. दात हिरडीत असतानाच घडत असतात. त्या वेळी मोठं दुखणं आलं तर वरचं कवच कच्चं राहतं. हा मळ नाही, घासून जायचा नाही. असे दात लवकर किडतात, फार जपावे लागतात. दाढ तशीच किडलीय." मग पुढच्या दातांवरून बोट फिरवून म्हणाले, "पण हे किडलेले नाहीत, झिजलेत. कशानं?"

आईनं धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. "पाटीची पेन्सिल खाती. मी बघितलंय."

पेन्सिल सगळीच पोरं खायची. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी बाटल्यांच्या कपाटाकडं बघत राहिले. दाढ काढली तेव्हाही तिकडंच बघत होते.

पुढं आई जन्मभर सांगत राहिली, पेन्सिली खाऊन दात घालवले पोरीनं. धाकटीला बघायला पाहुणे आले तेव्हाही आईनं तेच सांगितलं. मी तिथंच चहाचे कप भरत होते.

आई गेल्या साली गेली. तिच्या दिवसांना धाकटी आली. तेराव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी परसात भांडी घासत होतो. चिंच आणि राख मधे होती. मी म्हणाले, "पेन्सिल न्हवती ती. डॉक्टरांनी इचारलं तवा मी बोलायला पायजे हुतं."

ती घागर घासत राहिली. "मला म्हाईत न्हाई व्हय? तोंड माझंच हुतं."

मग तिनं वर बघितलं. दोन्ही हात राखेचे, त्यामुळं तोंड झाकता आलं नाही.

"मला कशाला सांगतीस आक्का? आईला सांगायचं हुतंस."