तीनशे बारा खापऱ्यांचा रांजण

संग्रहालयात त्यांना सगळे डिंकराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथेही ते कोणी वाचत नसे. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जमिनीतून निघालेली फुटकी मडकी घ्यायची, धुवायची, वाळवायची आणि जोडायची. बसायची जागा तळघरात. एक लांब टेबल, वाळूने भरलेले चार ट्रे, मान वळवता येणारा दिवा आणि वर, छताला चिकटून, एक आडवी खिडकी. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. वरच्या दालनांत काम करणारे म्हणत, डिंकरावांना माणसं चपलांवरूनच ओळखू येतात. त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं.

रांजण आला तो सात खोक्यांतून. तीनशे बारा खापऱ्या, त्यांतल्या निम्म्या नखाएवढ्या. कमरेइतका उंच असावा असा अंदाज होता, पण अंदाजावर कोणी वेळ घालवायला तयार नव्हतं. तेव्हाच्या संचालकांनी खोकी बघितली आणि हे भिजत घोंगडं तळघरातच राहू द्या म्हणाले. डिंकरावांनी ते मनावर घेतलं. रोजचं काम उरकून संध्याकाळचा एक तास रांजणाला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं आणि अकरा वर्षं पाळलं. प्रत्येक खापरीच्या आतल्या अंगाला बारीक आकडा घातला. दोन तुकडे जोडले की ते वाळूत उभे रोवायचे आणि सांधा वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघायचंही नाही. नवव्या वर्षी खांद्याजवळची एक खापरी काही केल्या बसेना. मागे कुठेतरी केसभर चूक झाली होती. त्यांनी चाळीस तुकडे पुन्हा सुटे केले आणि पुन्हा जोडले. घरी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरी काढायची सोयच नव्हती. बायको रांजणाला सवत म्हणायची. अकरा वर्षांत लोक घरं बांधतात, पोरं मोठी करतात, आणि आमच्याकडे एक मडकं जोडून होत नाही, हे ती आल्यागेल्याला ऐकवायची. तिच्या जिभेला धार होती आणि डिंकरावांची पाठ तिला सोयीची पडायची. तळघरात बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता आणि वर मांडण्याआधी वस्तूचा फोटो बाहेर न्यायला बंदी होती. त्यामुळे तिने रांजण कधी पाहिला नव्हता. ज्या दिवशी तो वर दालनात जाईल त्या दिवशी तुला हाताला धरून दाखवायला नेईन, एवढंच ते म्हणायचे. यावर ती म्हणायची, तोवर माझ्या हाताला धरवेल का बघा.

आणि रांजण पुरा झाला. शेवटची खापरी काठाची होती. ती बसली तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. डिंकरावांनी हात धुतले, चहा प्यायला आणि परत येऊन खुर्चीवर बसून राहिले. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. निवृत्तीला आता सहा महिने उरले होते आणि डोळ्यांत पडदा धरू लागला होता. असलं काम पुन्हा होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नवे संचालक खाली आले, रांजणाभोवती एक फेरी मारली, छान म्हणाले. काचेची पेटी तयार झाली की वर नेऊ, असंही म्हणाले. तोवर घरी काही सांगायचं नाही, थेट दाखवायचाच, असं डिंकरावांनी ठरवलं.

पेटी झाली नाही. त्याऐवजी प्रदर्शन ठरलं. जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या कलावंतांची कामं मांडायची, म्हणजे हजारो वर्षांच्या अंतरावरचे काळ एकमेकांशी बोलतील, अशी कल्पना होती. रांजण एका नावाजलेल्या कलावंत बाईंच्या वाट्याला आला. बाई तळघरात आल्या, अदबीने बोलल्या, डिंकरावांच्या चष्म्याची चौकशीसुद्धा केली. चार दिवसांनी वरच्या सभागृहात बैठक झाली आणि डिंकरावांना तिथे पहिल्यांदाच बोलावणं आलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

बैठकीत बराच वेळ पोकळी, मौन आणि काळ यांवर चर्चा झाली. डिंकरावांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग संचालकांनी एकदम त्यांच्याकडे वळून विचारलं, "हा रांजण सुटा होऊ शकतो का हो?"

आता या धंद्याचा पहिला नियम असा, की जोडलेलं उद्या सोडवता आलं पाहिजे. पुढे कोणाला चूक सापडली, बरा डिंक निघाला, तर वस्तूला धक्का न लावता सांधा उघडला पाहिजे. कायमचं चिकटवतो तो अडाणी. बत्तीस वर्षं डिंकराव येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून हे घोकून घेत आले होते, आणि साहेब लोकांपैकी कोणी त्यांना कामाबद्दल विचारलं असा हा पहिलाच प्रसंग होता.

"का नाही होणार?" ते ताठ बसून म्हणाले. "माझा एक सांधा असा दाखवा, जो सुटत नाही. आठ दिवसांत सगळा होता तसा सुटा करून देईन, एका तुकड्याला ओरखडा येणार नाही."

बाईंनी हसून वही मिटली. मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्ण रांजण मुका वाटतो. त्याच्या खापऱ्या बारीक तारांना हवेत टांगायच्या, आणि मधे बाईंचा काचेचा गोळा.

डिंकरावांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तोही ऐटीत. मग ते बरंच बोलले. कडा झिजतात म्हणाले, माती जुनी आहे म्हणाले, दुसरं एखादं मडकं घ्या म्हणाले. संचालक आवाज न चढवता ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आत्ता तुम्हीच सांगितलंत ना, ओरखडा येणार नाही? तुम्हाला जड जात असेल तर बाईंची माणसं करतील. ती वेल्डिंग करतात, पण हुशार आहेत."

"मी करतो," डिंकराव म्हणाले. प्रदर्शन संपल्यावर पुन्हा जोडता येईल ना, एवढं त्यांनी विचारलं. येईल की, संचालक म्हणाले, प्रदर्शन दोन वर्षं गावोगाव फिरणार आहे, ते परत आलं की तुमच्या जागी येणारा माणूस बघेल.

आठ दिवस डिंकरावांनी कापूस औषधात भिजवून सांध्यांवर ठेवला आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. सांधे नरम पडत आणि बोटाने जरा दाबलं की सुटत. एकही अडला नाही. काम चांगलं केल्याचं बक्षीस हेच, की ते मोडायलाही सोपं गेलं. भेगांत भरलेलं प्लास्टर केराच्या डब्यात गेलं. आठव्या दिवशी बूड सुटलं आणि तीनशे बारा आकडे टेबलावर ओळीने पडले. डिंकरावांनी ते दोनदा मोजले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. बायकोला सांगायचं रोज ठरवत आणि जेवून झोपून जात. आपल्याच हाताने मोडला, हे वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

उद्घाटनाची निमंत्रणं सगळ्या कर्मचाऱ्यांच्या घरी गेली, जोडीने या म्हणून. बायकोने पत्रिका वाचली, त्यात रांजणाचा उल्लेख पाहिला आणि ठेवणीतले कपडे काढले. शेजारणीलाही सांगून आली. तुझे गुडघे दुखतात, कशाला येतेस, असं डिंकरावांनी म्हणून पाहिलं. अकरा वर्षं ऐकतेय, आता बघूनच येते, ती म्हणाली.

दालनात गर्दी होती. बाईंचं भाषण झालं. त्यांनी काच ओतणाऱ्यांचे, तारा ओढणाऱ्यांचे, प्राचीन अनामिक कुंभाराचे आणि रांजण फोडणाऱ्या काळाचे आभार मानले. टाळ्या पडल्या. डिंकरावांनीही वाजवल्या.

बायको दालनभर रांजण शोधत फिरली. शेवटी तिने नवऱ्यालाच गाठलं आणि तुमचा कुठला, म्हणून विचारलं. त्यांनी तारांकडे बोट दाखवलं. ती जवळ गेली, पाटी वाचली, टांगलेल्या खापऱ्यांभोवती एक सावकाश फेरी मारून परत आली. आता जीभ चालणार, म्हणून डिंकरावांनी मान खाली घातली.

"अजून जोडून झालाच नाही होय?" तिने हळू आवाजात विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी जोडला होता, मीच मोडला. त्यांनी तोंड उघडलं.

"राहिलंय थोडं," ते म्हणाले.

तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत तिने तो कधी धरला नव्हता. "जाऊ द्या," ती म्हणाली. "सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही. चला घरी."

त्या दिवसापासून ती रांजणावरून त्यांना कधीच टोचून बोलली नाही. डिंकराव निवृत्त होऊन आता वर्ष झालं. घरी आलेल्या कोणी त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं, की ती पटकन चहाचं विचारते आणि विषय बदलते.