शेख सरांनी पास सोडला

तेरहून धाराशिवला रोज गाडीनं जाणारे आम्ही सगळे नोकरदार पासवाले. शेख सर तेवढे तिकिटाच्या रांगेत दिसायचे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायकांच्या मागं. संध्याकाळी धाराशिवला पुन्हा तेच. सर माझ्याच शाळेत भूगोल शिकवायचे, पगारही माझ्याएवढाच. पास परवडत नव्हता, असं मुळीच नव्हतं.

झालं असं होतं. मध्यंतरी बंद पडलेली पॅसेंजर पुन्हा सुरू झाली ती एक्स्प्रेसचं भाडं घेऊन. डबे तेच, थांबे तेच, रखडणंही तेच. तिकीट मात्र तिप्पट. पासवाल्यांना त्याची झळ लागली नाही. एका संध्याकाळी सर खिडकीशी गाडीची चौकशी करत होते. शेजारी मेथी विकणाऱ्या सुभद्राबाईंनी एक स्टेशन अलीकडचं तिकीट मागितलं. जायचं-यायचं तिकीट काढलं की मेथीत काही उरत नाही, पुढचं चालत जाईन, असं त्यांचं म्हणणं. कुठंही उतरलं तरी एक्स्प्रेसचं कमीत कमी भाडं तेवढंच, असं कारकुनानं सांगितलं. बाईंनी गुमान तेरचं तिकीट घेतलं.

पुढच्या महिन्यात सरांनी पास काढला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "ज्यांचं दुखणं मांडायचं, त्यांच्याच भाड्यानं जायला पाहिजे. पास खिशात ठेवून लिहिलेला अर्ज लई गोड होतो."

मग अर्जामागून अर्ज गेले, खाली बायकांचे अंगठे. तक्रारींपायी गाडीच बंद होईल, अशी भीती पासवाल्यांनी घातली. सर हटले नाहीत. पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी परवडत नसेल त्यांनी जीपनं जावं म्हटलं, तेव्हाही सरांचा आवाज चढला नाही.

"साहेब, जाताना माणूस दहा वाटा शोधतं. दिवस बुडाला, घरी लेकरं हायेत, मग मागंल त्या भावानं परतावंच लागतं. अशा माणसाकडून किती घ्यायचं, ह्याचा इचार घेणाऱ्यानंच करावा लागतो."

बऱ्याच काळानं भाडं पूर्ववत झालं. अर्जांमुळे झालं की कसं, कुणास ठाऊक. बायकांना मात्र शंका नव्हती. भाडं कमी केलं म्हणून त्यांनी फलाटावर हार आणला. सर तो हातातच धरून राहिले.

"कमी कुठं झालंय, माय? व्हतं तेवढंच झालंय. जादा घेतलेलं अजून कुणी परत दिलं न्हाय."

सर गेले, त्याला आता वर्ष होईल. दफनाच्या दिवशी सकाळची गाडी आली, थांबली आणि गेली. तेरहून भाजीची एकही पाटी तिच्यात चढली नाही.